उत्तरं दिलीत, गोष्ट लपवलीत

आमच्या मंडळीत वर्षातून दोन-तीनदा तरी एकाच विषयावर सभा भरते : ‘तरुण पिढी उपासनेला का येत नाही?’ सभेला तरुण पिढी नसतेच. साठीच्या पुढचे पंधरा-वीस जण असतात, पाळकसाहेब असतात, चहा-बिस्किटं असतात. उत्तरंही ठरलेली असतात. मोबाइल. हॉस्टेल. आयटीवाल्यांच्या रात्रपाळ्या. बाहेरच्यांशी होणारी लग्नं. मग कुणीतरी उठून म्हणतं, “आमच्या वेळी वडिलांनी नुसते डोळे वटारले की आम्ही गुपचूप चर्चची वाट धरायचो.” सगळे माना डोलावतात. प्रार्थना होते. सभा संपते.

मी अठ्ठावीस वर्षांची आहे. हिंजवडीत एका कंपनीत सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे आणि बहुतेक रविवारी उपासनेला जाते. आमचं मूळ गाव नगर जिल्ह्यातलं. (जिल्ह्याचं नाव आता अहिल्यानगर झालंय, पण घरात अजून सगळे ‘नगर’च म्हणतात.) तिथल्या शब्बाथ शाळेत माझ्या वर्गात आम्ही चौदा जण होतो. त्यातले आज तिघे चर्चला जातात. उरलेल्या अकरांपैकी बहुतेकांशी माझं अजून बोलणं आहे. मोबाइलमुळे विश्वास सुटला, असं त्यांच्यापैकी एकानंही मला कधी सांगितलेलं नाही. ते वेगळंच सांगतात. एक जण म्हणाला, “पाठ केलेलं सगळं आठवतं गं. पण त्यात माझं काय होतं, ते कधी कळलंच नाही.”

हा लेख त्या सभेतल्या माणसांसाठी आहे, आणि सभेला न आलेल्यांसाठीही. काका-काकूंनो, आम्ही तुमचा विश्वास हरवला नाही. तो पूर्णपणे आमच्या हातात आलाच नव्हता. तुम्ही आम्हाला उत्तरं दिलीत. दहा आज्ञा दिल्यात, प्रभूची प्रार्थना दिलीत, विश्वासांगीकार घोकून घेतलात. पण आपल्या घरातल्या कुणाला, कोणत्या साली, कशासाठी ही उत्तरं हवीशी वाटली, ती गोष्ट तेवढी लपवून ठेवलीत.

एक साधी परीक्षा

हे वाचणारं कुणी मराठी ख्रिस्ती असेल तर स्वतःला चार प्रश्न विचारून बघा. तुमच्या घरात पहिला बाप्तिस्मा कुणाचा झाला? कोणत्या साली? का? आणि त्यापायी त्या माणसाला काय गमवावं लागलं?

मी हे प्रश्न मित्रमैत्रिणींना विचारत असते. सगळ्यात जास्त वेळा मिळणारं उत्तर : “आमच्याकडे पहिल्यापासून ख्रिश्चनच.”

पहिल्यापासून कुणीच नसतं. अमेरिकन मिशनरी मुंबईत आले १८१३ साली आणि नगरला त्यांचं ठाणं पडलं १८३१ मध्ये. ‘ज्ञानोदय’ नगरहून निघू लागला १८४२ मध्ये. सुरुवातीला ख्रिस्ती झालेल्यांत काही ब्राह्मणही होते. पण नगर जिल्ह्यातल्या गावोगावच्या मंडळ्या उभ्या राहिल्या त्या पुढच्या काही दशकांत, आणि त्या प्रामुख्यानं महार आणि मांग घरांमधून. त्याच काळात १८७६-७८ चा दुष्काळ पडला आणि १८९९-१९०० चाही. म्हणजे आपल्यापैकी बहुतेकांच्या बाबतीत ही गोष्ट चार-पाच पिढ्यांपूर्वीची. वसईचे कॅथलिक असतील तर गोष्ट वेगळी, ती सोळाव्या शतकातल्या पोर्तुगीज अमलापर्यंत जाते. पण नगर, जालना, सोलापूरच्या खेड्यांतल्या घरांत चार पिढ्या म्हणजे आजीनं डोळ्यांनी पाहिलेला माणूस. एवढ्या जवळची गोष्ट हरवत नाही, कुणीतरी ती सांगायचं बंद करावं लागतं.

माझ्या कामातलं एक उदाहरण देते. जुन्या प्रोजेक्टमध्ये कधीकधी अशी एक ओळ सापडते की ती का लिहिली आहे हे कुणालाच माहीत नसतं. लिहिणारा कंपनी सोडून गेलेला, टिपण कुठेच नाही. अशा ओळीचं दोनपैकी एक होतं. एक तर सगळे तिला घाबरून असतात, ‘हात लावू नका, काहीतरी बिघडेल.’ नाहीतर एखादा नवा मुलगा येतो आणि ‘हिचा काही उपयोग दिसत नाही’ म्हणून ती उडवून टाकतो. चूक त्या मुलाची नसते. कारण लिहून न ठेवणाऱ्याची असते.

आमच्या पिढीनं नेमकं हेच केलं. काही जण भीतीपोटी चर्चला येतात, बाकीच्यांनी ओळ उडवली.

आधी पाटी, मग प्रभू

माझ्या पणजोबांची गोष्ट मला बावीस वर्षांची होईपर्यंत माहीत नव्हती. आजीला, म्हणजे त्यांच्या सुनेला, मी एका उन्हाळ्यात खोदून खोदून विचारली. ती शेंगा फोडत बसली होती. आधी तिनं दार पुढे लोटून घेतलं, मग बोलली.

पणजोबांचे वडील गावकीचं काम करायचे. मेलेलं ढोर ओढणं, निरोप पोचवणं, रात्रीची राखण. पणजोबा आठ-नऊ वर्षांचे असताना गावाबाहेर मिशनची शाळा निघाली. गावातल्या शाळेत त्यांना व्हरांड्याच्याही खाली बसावं लागलं असतं. इथं मास्तरांनी सतरंजीवर बसवलं, बाकीच्या पोरांच्या शेजारी. ते रोज जाऊ लागले. पुढे मोठेपणी त्यांनी बाप्तिस्मा घेतला तेव्हा सख्ख्या भावांनी त्यांच्याशी जेवणाखाण्याचा व्यवहार तोडला. गावानं आधीच तोडलेला होता, आता भावकीनंही तोडला. पणजीनं त्यांच्यानंतर बरीच वर्षं बाप्तिस्मा घेतला नाही. आजी म्हणाली, “त्यांना आधी पाटी मिळाली बघ, मग प्रभू.”

पुढे ते मिशनच्या शाळेत मास्तर झाले. आमच्या घराला गावात अजूनही जुनी माणसं मास्तरांचं घर म्हणतात. मला वाटायचं, कुणीतरी साधे शाळामास्तर असतील.

ही गोष्ट ऐकली आणि लहानपणापासून पाठ असलेलं बरंचसं मला पहिल्यांदा कळलं. येशू शोमरोनी बाईच्या हातचं पाणी मागतो, हा उतारा मी शब्बाथ शाळेत किमान पाच वेळा ऐकला असेल. शिकवणाऱ्या बाईंनी आम्हाला विहिरीचं चित्र रंगवायला दिलं होतं. ज्याच्या आजोबा-पणजोबांना गावच्या विहिरीवर पाणी भरता येत नव्हतं, अशा पोरांनी वर्ग भरलेला असताना त्या उताऱ्यावर कुणाला दुसरं काही बोलायचं सुचलं नाही! आम्ही निळा खडू घेऊन पाणी रंगवत बसलो.

पप्पांना पणजोबांची गोष्ट ठाऊक होती. मी विचारलं, मला का सांगितली नाहीत? ते म्हणाले, “कशाला ते उकरून काढायचं? आता चांगलं चाललंय ना.”

लपवायची तीन कारणं

मला ही कारणं समजतात. म्हणूनच त्यांवर उघड बोलायचं आहे.

पहिलं कारण जात. ख्रिस्ती झालो म्हणजे जात गेली, असं आपण म्हणतो. मग लग्न ठरवताना ‘मुलगी मूळची कुठली?’ असं हळू आवाजात का विचारतो? गाव विचारतोय असं भासवून काय विचारलं जातं, ते दोन्ही बाजूंना कळतं. जात गेली असती तर गोष्ट सांगायला लाज वाटली नसती. गोष्ट दडवावी लागते, कारण जात अजून घरात आहे.

दुसरं कारण कागद. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानं अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला. १९५६ मध्ये त्यात शीख आले, १९९० मध्ये बौद्ध आले. ख्रिस्ती आणि मुस्लिम आजही बाहेर आहेत. पणजोबांनी सतरंजीवर बसायचा हक्क मिळवला, आणि त्यांच्या नातवंडांना सांगण्यात आलं की सवलत हवी असेल तर ती सतरंजी विसरा. त्यामुळे कित्येक घरांत कागदावर एक धर्म आणि देव्हाऱ्याच्या जागी दुसराच, असं चालत आलं. दाखल्याचा विषय निघाला की अशा घरांत टीव्हीचा आवाज वाढतो. मी त्या माणसांना खोटारडे म्हणणार नाही. गावात त्यांची जात कुणी पुसली नव्हती, कागदावरच तेवढी पुसली होती. अन्याय त्या आदेशात आहे आणि त्याविरुद्ध बोललंच पाहिजे. पण घरातल्या पोरांना याचा अर्थ कुणी समजावून सांगितला नाही. त्यांनी एवढंच शिकून घेतलं की आपला देव म्हणजे शाळेच्या फॉर्मवर न लिहायची गोष्ट. असा देव पुढच्या पिढीकडे कसा जाणार?

तिसरं कारण टोमणा. ‘तुमचे लोक गव्हासाठी बाटले.’ ‘किती पैसे मिळाले?’ हे आपण सगळ्यांनी ऐकलेलं आहे. धर्मांतराच्या कायद्यांवर टीव्हीवर चर्चा सुरू झाली की ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये कुणीतरी माझ्याकडे बघून हसतं. या टोमण्याला घरून मिळालेलं एकच उत्तर आहे : गप्प बसायचं.

का गप्प बसायचं? होय, दुष्काळात काही माणसं धान्यासाठी मिशनच्या दारात गेली. पोरं मरत होती, जाणारच. ज्या गावानं त्यांना पिढ्यान्‌पिढ्या पोटभर खाऊ दिलं नव्हतं, ते गाव आता विचारतंय की तुम्ही खाल्लंत कुठे! आणि दुष्काळ संपल्यावरही अनेक जण तिथेच राहिले, भावकी तुटली तरी राहिले, त्याचं काय? भुकेल्याला भाकर देणारा देव त्यांना खरा वाटला, तर त्यात खोटं कुठे आहे? पाच हजारांना जेवू घालणाऱ्या येशूची गोष्ट आपण वेदीवरून वाचतो आणि आपल्याच पणजीनं मिशनच्या दारात खाल्लेल्या खिचडीची लाज बाळगतो.

आणि घरात सांगितली नाही म्हणून गोष्ट थांबत नाही. ती व्हॉट्सअॅप सांगतं. आज मराठी ख्रिस्ती घरातल्या पंधरा वर्षांच्या मुलाला आपल्या पूर्वजांबद्दल पहिली माहिती मिळते ती बहुधा एखाद्या फॉरवर्डमधून, आणि त्या फॉरवर्डमध्ये त्याचा खापरपणजोबा एक तर विकला गेलेला असतो किंवा फसवला गेलेला. त्याच्याकडे दुसरी गोष्टच नसेल तर तो काय करेल? काही दिवस चिडेल. मग मान्य करेल. मग लांब जाईल.

शेजारच्या घरात काय झालं

आमच्या गावात एकाच भावकीच्या दोन शाखा आहेत. एक आमची. दुसरी बौद्ध झाली, बाबासाहेबांच्या मागे. त्या घरातली माझ्याच वयाची एक चुलत बहीण आहे. लहानपणी आम्ही दोघी एकत्र खेळायचो. तिला तेव्हापासून सगळं माहीत होतं : १४ ऑक्टोबर १९५६, नागपूर, बावीस प्रतिज्ञा, आपण आधी कोण होतो, काय सोडलं आणि का सोडलं. तिच्या घरात हे दरवर्षी मोठ्यानं बोललं जायचं. पाहुण्यांसमोर, पोरांसमोर, माइकवरून.

दोन्ही घरांनी एकाच अपमानातून बाहेर पडायला दार शोधलं होतं. एका घरानं त्या दाराचा उत्सव केला. दुसऱ्या घरानं दार आतून लावून घेतलं आणि पोरांना सांगितलं, आपण पहिल्यापासून इथेच होतो.

तुलना करताना फरकही मान्य करते. त्यांच्यामागे बाबासाहेबांसारखा माणूस होता, लाखोंची चळवळ होती, आणि कागदानंही उशिरा का होईना त्यांना आत घेतलं. आमच्याकडे गावागणिक दहा-बारा घरं होती. तरीही एवढं खरंच आहे : माझी ती बहीण आज देवधर्माचं फारसं काही करत नाही, पण ‘मी बौद्ध का?’ या प्रश्नाला तिच्याकडे दोन मिनिटांचं स्पष्ट उत्तर आहे. आमच्या चर्चमध्ये दर रविवारी पुढच्या बाकावर बसणाऱ्या पोरांकडे ‘मी ख्रिस्ती का?’ याचं उत्तर नाही.

भिंतीवरचा फोटो

आपल्याला इतिहास आवडत नाही असं मात्र नाही. शताब्दीची स्मरणिका काढा, पहिल्या पानावर रेव्हरंड नारायण वामन टिळक असतात. मागे पंडिता रमाबाई, बाबा पदमनजी. ही माणसं मोठीच होती. बाबा पदमनजींची ‘यमुनापर्यटन’ १८५७ सालची, मराठीतल्या अगदी पहिल्या कादंबऱ्यांपैकी. टिळकांची गीतं नसतील तर मराठी उपासना मुकी होईल. पण खरं सांगा, आपण त्यांचे फोटो लावतो ते त्यांच्या कामासाठी, की ते मोठ्या जातीतले होते म्हणून? स्मरणिकेत कितीतरी पानं ब्राह्मण कुळातून आलेल्यांवर असतात आणि ज्या माणसांनी खेड्यातली मंडळी उभी केली, त्यांच्या वाट्याला ‘आणि इतर सभासद’ एवढी एक ओळ येते. ते ‘इतर’ म्हणजे आपले पणजोबा आहेत.

त्यातही गंमत अशी की टिळकांचं घर फोटोसाठी वापरणारे त्या घरानं काय शिकवलं ते वाचत नाहीत. टिळकांनी बाप्तिस्मा घेतला फेब्रुवारी १८९५ मध्ये. त्यांच्या बायकोनं, लक्ष्मीबाईंनी घेतला १९०० मध्ये. मधली पाच वर्षं नवऱ्याचा विश्वास बायकोच्या घशाखाली उतरला नव्हता, आणि हे त्या स्वतःच ‘स्मृतिचित्रे’मध्ये सांगतात. रडणं सांगतात, राग सांगतात, सोवळं सांभाळण्याची धडपड सांगतात. आणि माणसामाणसांतला भेद देवानं केलेला नाही, हे एके दिवशी आपलं आपल्याला कसं उमगलं तेही सांगतात. त्यांच्या मनातून आधी जात गेली, बाप्तिस्मा नंतर आला. नवरा एवढा मोठा कवी आणि प्रचारक, तरी त्याचा निर्णय बायकोला आयता मिळाला नाही. तिला तो स्वतःच्या वाटेनं पुन्हा घ्यावा लागला.

टिळक १९१९ मध्ये वारले तेव्हा त्यांचं ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य अपुरं होतं. सुरुवातीचे अध्याय टिळकांचे आहेत, पुढचे बहुतेक लक्ष्मीबाईंचे. वारसा म्हणतात तो याला. अर्धी वही हातात येते, आणि पुढचं आपल्या अक्षरात लिहायची मोकळीक असते. आमच्या हातात तुम्ही छापून, बांधून, प्लॅस्टिकचं कव्हर घातलेली वही दिलीत आणि सांगितलंत, यात काही लिहायचं नाही.

रमाबाईंचंही तेच. त्यांनी १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला. पण ज्यांच्याकडे त्या राहिल्या होत्या त्या सिस्टरांशी त्यांचा श्रद्धेच्या प्रश्नांवर पत्रांमधून वाद झाला. एका पुरोहितशाहीतून सुटून लगेच दुसरीच्या हाती जायला त्या तयार नव्हत्या. त्या वादात मुलगी मनोरमाही होती : तिला धर्माचं काय शिकवायचं ते कोण ठरवणार? आपल्या मुलीला कुणी काहीही भरवावं, हे रमाबाईंनी चालवून घेतलं नाही. आज शब्बाथ शाळेत ‘हे असंच असतं, प्रश्न विचारू नको’ म्हणणाऱ्यांच्या मागच्या भिंतीवर याच रमाबाईंचा फोटो असतो.

“विश्वास देवाचं दान आहे”

आता मला येणारं उत्तर माहीत आहे. विश्वास हे देवाचं दान आहे, तो इतिहासातून किंवा जातीच्या गोष्टींतून येत नाही, पवित्र शास्त्र पुरेसं आहे.

ठीक. शास्त्रच उघडू. अनुवादाचा सहावा अध्याय. तिथं सांगितलंय की उद्या तुझा मुलगा विचारेल, या आज्ञा कशासाठी? तेव्हा त्याला काय सांगायचं? सिद्धांत नाही. आपण मिसर देशात गुलाम होतो, इथून सुरुवात करायची. निर्गमाच्या बाराव्या अध्यायात वल्हांडणाच्या सणाचंही तसंच. मुलं विचारतील हा विधी काय आहे, तर त्यांना त्या रात्रीची गोष्ट सांगा. इस्राएलाची पोरं हजारो वर्षं जेवणाच्या ताटावर बसून आपल्या पूर्वजांची गुलामी ऐकत आली. लाजेनं लपवली असती तर सणच उरला नसता.

दुसरं. आईच्या विश्वासावर प्रवचन असलं की तीमथ्याची आजी लोईस आणि आई युनीके यांची नावं हमखास येतात. पौलानं तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात ती आहेत. आजीकडून आईकडे, आईकडून मुलाकडे विश्वास कसा आला याचं ते सुंदर उदाहरण आहे. पण प्रेषितांच्या कृत्यांच्या सोळाव्या अध्यायात तीमथ्याचा बाप ग्रीक होता असं स्पष्ट लिहिलंय, ते त्या दिवशी कुणी वाचत नाही. म्हणजे तुमचं सगळ्यात लाडकं उदाहरण हे तुम्ही ज्याला ‘बाहेर लग्न केलं’ म्हणता त्याच घरातलं आहे. विश्वास तिथं टिकला, कारण आजी बोलत होती.

दान देवाचं असेल, पण ते हातात ठेवताना कुणाच्या तरी तोंडून शब्द निघावे लागतात. आणि तेही मुलाला कळणाऱ्या भाषेत. शहरातल्या मंडळ्यांत मुलांसाठी इंग्रजी उपासना सुरू झाल्या, त्याला माझा विरोध नाही. इंग्रजीनं आम्हाला गावकीतून आणखी लांब नेलं, नोकऱ्या दिल्या, ते मी नाकारणार नाही. पण त्या उपासनेतली गाणी परदेशातली, साक्षी परदेशातल्या, उदाहरणंही परदेशातली. पोरांना दूरच्या देशातल्या प्रचारकाचं आयुष्य ठाऊक असतं, आणि शेजारी बसलेली आजी मराठीत डोळे मिटून कशासाठी रडते आहे ते ठाऊक नसतं. फादर स्टीफन्स नावाचा इंग्रज माणूस इथं आला तेव्हा त्यानं जवळपास अकरा हजार ओव्यांचं ‘ख्रिस्तपुराण’ मराठीत रचलं, १६१६ साली ते छापलं गेलं. परक्या माणसाला हे कळलं होतं. आपल्याला चारशे वर्षांनी कळू नये?

मूल नाही म्हणालं तर?

या सगळ्या गप्प बसण्याच्या तळाशी एक भीती आहे. गोष्ट सांगितली की मुलाला कळेल, पणजोबांनी आपल्या बापाचा मार्ग सोडला होता. मग उद्या तोही आपला मार्ग सोडेल. बंडखोराची गोष्ट सांगून आज्ञाधारक मुलं कशी तयार करणार?

करू नका. आपल्या विश्वासाचा जन्मच एका निर्णयातून झाला आहे. कुणीतरी उठून बापाला, भावांना, गावाला ‘नाही’ म्हटलं, म्हणून आज तुम्ही रविवारी बाकावर बसता. तो माणूस तुम्हाला पूज्य आहे, आणि तसंच स्वतःच्या डोक्यानं ठरवू पाहणारी तुमची मुलगी मात्र बिघडलेली! ज्या निर्णयात ‘नाही’ म्हणायची सोय नसते तो निर्णय नसतो, हजेरी असते. आणि डोळे वटारून घेतलेली हजेरी, मुलगा पुण्याला हॉस्टेलवर गेला की पहिल्याच रविवारी संपते. तुम्ही ते पाहिलंय.

टिळकांनी शेवटच्या काळात, १९१७ मध्ये, मिशनची नोकरी सोडून ‘देवाचा दरबार’ उभा केला. त्यात बाप्तिस्मा घेतलेल्यांना आणि न घेतलेल्यांनाही जागा होती. शंभर वर्षांपूर्वीच्या माणसाला एवढा भरवसा होता की दार उघडं ठेवलं तर देव बाहेर पळून जाणार नाही.

मला काय हवंय ते सरळ सांगते. दृढीकरणाच्या वर्गाचा पहिला धडा प्रत्येक मुलाच्या घराचा असू दे. चर्चमध्ये बाप्तिस्म्याची जुनी रजिस्टरं कपाटात वाळवी खात पडली आहेत, ती उघडा. मुलांना आपापल्या पूर्वजाची नोंद शोधू द्या. ‘आम्ही महार होतो’, ‘आम्ही मांग होतो’ हे वाक्य वेदीवरून, मोठ्यानं, मान वर करून म्हटलं जाऊ दे. कागदावरच्या अन्यायाविषयी घरात पोरांसमोर बोला, टीव्हीचा आवाज कमी करून. आणि वर्ग संपल्यावर एखादं मूल म्हणालं, ‘मी अजून तयार नाही’, तर त्याला मिठी मारा आणि पुढच्या वर्षी पुन्हा विचारा. लक्ष्मीबाईंना पाच वर्षं लागली होती.

माझ्या भावाची मुलगी सात महिन्यांची आहे. पुढच्या महिन्यात तिचा बाप्तिस्मा आहे. त्या दिवशी आम्ही तिच्या वतीनं उत्तरं देऊ, कारण तिला बोलता येत नाही. पण उत्तरं तिच्या नावावर उधार असतील. ती फेडायची की परत करायची हे ती मोठी झाल्यावर ठरवेल, आणि ठरवण्यासाठी तिला सतरंजीची गोष्ट माहीत असेल, हे मी बघणार आहे. भाऊ म्हणतो, एवढ्या लहानपणी जातीचं कशाला? मी म्हणते, बाप्तिस्मा एवढ्या लहानपणी चालतो, मग गोष्ट का नाही?

आणि माझ्या वयाच्यांनो, तुम्ही चर्चला जात असा किंवा नसा, एक काम आहे आणि ते तुमच्या हातातल्या फोनवरच होणारं आहे. मोबाइलनं विश्वास घालवला म्हणतात ना, मग त्याच मोबाइलचा रेकॉर्डर सुरू करून आजीसमोर ठेवा. तेच चार प्रश्न विचारा : पहिला कोण, कधी, का, आणि काय गमावलं. ती आधी म्हणेल, जाऊ दे ते. थोडं थांबा. ती दार पुढे लोटायला उठली, तर तिला म्हणा, राहू दे उघडं.